आधी कोणाचे?

कर्ज एकाचेच असेल तर विचार करण्यासारखे फारसे काही नसते. जमेल तसे फेडायचे आणि मोकळे व्हायचे. पण घेणेकरी पाच असतील आणि महिन्याच्या अखेरीस शिल्लक एकापुरतीच राहत असेल, तर आधी कोणाचे द्यायचे? हा प्रश्न आम्हा उभयतांपुढे नऊ वर्षे दरमहा उभा राहिला. कर्ज आता फिटले आहे. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर पहिली काही वर्षे आम्ही चुकीचे दिले, आणि ती चूक आपल्या समाजात आणखीही काही घरी होत असावी असे वाटते, म्हणून हे चार शब्द.

२००९ साली आम्ही अश्दोदला एक छोटे दुकान काढले. डाळी, मसाले, पोहे, कोकम, लोणची, असा आपल्या लोकांना लागणारा माल. २०१२ साली ते बंद करावे लागले. दोष कोणाचा नाही. हिशेब आम्हाला जमला नाही. दुकानाला कुलूप लावले त्या दिवशी एकूण देणे ३,५०,००० शेकेल होते. त्यात बँकेचे १,८०,०००, ज्याला आमच्या एका स्नेह्याने जामीन म्हणून सही दिली होती. क्रेडिट कार्डे आणि मालवाले मिळून ७०,०००. चुलतभावाचे ६०,०००. आणि ४०,००० एका मावशींचे. या सख्ख्या मावशी नव्हेत; आमच्या आईची मुंबईची मैत्रीण. २०१० साली त्यांनी आपल्या साठवणीतून ही रक्कम काढून दिली. ना कागद, ना साक्षीदार, ना व्याज.

एकाने कारखान्यात रात्रपाळी धरली, दुसरीने म्हाताऱ्या माणसांच्या सेवेचे काम. महिन्याला सुमारे ४,००० शेकेल बाजूला पडू लागले. ते कोणाला गेले? जो ओरडेल त्याला. बँकेची पत्रे येत, होत्साआ लपोआलची धास्ती असे, म्हणून आधी बँक. चेक परत गेले तर खाते अडकते (१९८१ च्या कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत दहा चेक न वटता परत आले की खातेदारावर बंधन येते), म्हणून मग मालवाले आणि कार्डे. चुलतभाऊ फोनवर दोन शब्द बोले, म्हणून अधूनमधून त्याला. मावशी कधीच काही बोलल्या नाहीत. त्यांना आम्ही तीन वर्षांत एक अगोराही दिला नाही.

यात वाईट वागण्याचा आमचा हेतू नव्हता. हिशेब आमच्या बाजूला होता. ज्या कर्जावर व्याज जास्त ते आधी फेडावे, हे कोणीही शहाणा माणूस सांगेल. मावशींचे व्याज शून्य. म्हणजे ती रक्कम सर्वांत स्वस्त, आणि म्हणून सर्वांत शेवटी.

पण थोडे थांबून पाहिले तर यातला उलटेपणा ध्यानात येतो. आपल्या माणसाला अडचणीत पैसे द्यावे आणि त्यावर व्याज घेऊ नये, ही तोराची आज्ञा. मावशींनी ती पाळली. आणि त्यांनी ती पाळली एवढ्याच कारणावरून आम्ही त्यांना रांगेत शेवटी उभे केले. व्याज मागितले असते, चारचौघांत बोलल्या असत्या, वकिलाची नोटीस धाडली असती, तर त्यांचे पैसे त्यांना आधी मिळाले असते. चांगुलपणाला असा दंड करणारा हिशेब आकड्यांत बरोबर असला तरी न्यायाचा कसा म्हणावा?

सिनॅगॉगमध्ये त्या भेटत. हळूहळू आमच्या लक्षात आले की आम्ही बाहेर पडेपर्यंत त्या आत रेंगाळतात. आम्हाला वाटले, रागावल्या असतील; आणि खरे सांगायचे तर तोंड चुकवता येते म्हणून बरेच वाटले. पुढे एका जाणकार गृहस्थांनी बोलता बोलता गमारातला नियम सांगितला. ऋणकोजवळ पैसे नाहीत हे ठाऊक असेल तर धनकोने त्याच्या समोरून जाऊही नये, कारण त्याला खाली मान घालावी लागते. मावशींनी गमारा वाचलेला नव्हता, पण त्या नेमके तेच करत होत्या. त्यांची ती माया आम्ही सवलत म्हणून वापरली.

मग एके दिवशी त्यांच्या मुलीकडून सहज कळले की मावशी दोन वर्षांपासून दातांची कवळी करणे पुढे ढकलत आहेत. भाकरी दुधात भिजवून खातात. मुलीला या ४०,००० शेकेलांचा पत्ताही नव्हता. त्या रात्री आम्हाला जेवण गेले नाही. मावशींच्या पैशावर व्याज नाही असे आम्ही समजत होतो. व्याज होते, ते मावशीच भरत होत्या, आणि आमच्या वहीत त्याची नोंद नव्हती.

फेब्रुवारी २०१५ पासून आम्ही क्रम बदलला. पगार झाला की सर्वांत आधी मावशींचे ५०० शेकेल, हातात, त्यांच्या घरी जाऊन. मग बाकीचे. पहिल्या भेटीतच त्यांना हात जोडून सांगितले की आमच्याकडून चूक झाली. बँकेचे देणे आम्ही कमी लेखले असे कोणी समजू नये. शब्द बँकेलाही दिला होता, आणि तिच्या कागदावर आमच्या स्नेह्याची सही होती. आम्ही बँकेत गेलो, खरी परिस्थिती सांगितली, हप्ते लांबवून घेतले. त्यामुळे व्याज काहीसे वाढले. ते आम्ही भरले, कारण ते आमचे होते. स्नेह्यालाही दर सहा महिन्यांनी किती उरले ते सांगत गेलो. तोवर तो आमच्याकडून नव्हे, तर बँकेच्या पत्रांवरून अंदाज बांधत होता.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अलीशा संदेष्टा आणि विधवेची गोष्ट आहे. सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम करून न्यायला निघालेला. घरात फक्त कुपीभर तेल. आपण शनिवार तेल्यांचे वंशज. तेलाची ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून जवळची. चमत्कार आपण सगळे सांगतो. पण चमत्काराआधी तिला काय करावे लागले? शेजाऱ्यांच्या दारोदार जाऊन रिकामी भांडी मागावी लागली. म्हणजे आपली अडचण तिने झाकली नाही. आणि तेल विकल्यावर आधी देणे, मग उरलेल्यावर स्वतःचा आणि मुलांचा गुजारा, हा क्रम तिला सांगितला गेला. आमच्यासाठी तेल वाढले नाही. पण झाकणे सोडल्यावर वाट दिसली, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

२०१५ च्या सप्टेंबरात श्मिता वर्ष संपले. शिळ्या सणाच्या दिवशी मावशींकडे गेलो, तेव्हा आठ हप्ते देऊन झाले होते आणि ३६,००० शेकेल बाकी होते. त्या म्हणाल्या, "पोरांनो, श्मिता झाला. बाकीचे सोडले तुम्हाला." त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. सातव्या वर्षाच्या शेवटी कर्ज सोडावे असे तोरा सांगते. प्रोझबुल त्यांनी काही केलेला नव्हता. पण मिश्नात पुढचेही सांगितले आहे. धनकोने सोडले म्हणावे, आणि ऋणकोने तरीही देतो म्हटले तर त्याने ते घ्यावे; अशा माणसावर ज्ञानी लोक प्रसन्न असतात. आम्ही म्हणालो, "मावशी, तरीही." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठून चहा टाकला.

२०१९ साली दिवाळखोरीचा नवा कायदा लागू झाला. एका सल्लागाराने सांगितले, अर्ज करा, काही वर्षे ठरलेला हप्ता भरा, उरलेले माफ होईल. आम्ही विचार केला. आमची सुटका झाली असती, पण जामीन राहिलेल्या स्नेह्याची आपोआप झाली नसती. म्हणून अर्ज केला नाही. मात्र जे करतात त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. ज्याचे देणे दोन जन्मांत फिटणार नाही, त्याची बेडी तोडावी हे श्मितामागचेही तत्त्व आहे. आणि धनकोने भीतीने दारच लावून घेऊ नये म्हणून हिलेलने प्रोझबुल काढला. दोघांचीही काळजी आपल्या धर्माने घेतली आहे. फक्त माफी मागण्याआधी एवढे पाहावे की आपले ओझे कोणा गरीब खांद्यावर तर पडत नाही ना.

सप्टेंबर २०२१ मध्ये, पुन्हा शिळ्या सणालाच, मावशींचा ऐंशीवा हप्ता दिला. त्याच वर्षी बाकीचेही फिटले. कवळी त्यांनी मधल्या काळात करून घेतली होती.

वाचकहो, दारफाळणीच्या सणाला आपण देवापुढे उभे राहतो. पण माणसाचे माणसाकडे राहिलेले त्या दिवशी फिटत नाही. ते त्याच्या घरी जाऊनच फेडावे लागते. आपल्यापैकी कोणी कर्जात असेल तर एक वही करावी आणि त्यात सगळी नावे लिहावी. बँकेचे नाव लिहायला कोणी विसरत नाही, ती विसरू देत नाही. जो कधी मागत नाही, त्याचे नाव वर लिहावे, आणि या महिन्यात त्याला थोडे का होईना, नेऊन द्यावे.