वाणीचे तप आणि गर्भाचा प्रश्न



श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी शरीराचे, वाणीचे व मनाचे असे त्रिविध तप सांगितले आहे. जे बोलणे उद्वेग उत्पन्न करीत नाही, जे सत्य, प्रिय आणि हितकर असते, ते वाणीचे तप होय. गर्भपाताविषयी बोलताना या तपाची खरी परीक्षा होते.

आपल्या शास्त्रांनी भ्रूणहत्येस घोर पाप मानिले आहे, व प्रस्तुत लेखकाचीही तीच श्रद्धा आहे. परंतु शास्त्र आपल्या बाजूस असले म्हणजे ऐकणाराचे मन आपल्या बाजूस येतेच असे नाही. संकटात सापडलेल्या स्त्रीस 'पापिणी' म्हटले, तर तिचा निश्चय बदलत नाही; ती आपल्याशी बोलणे मात्र सोडते, आणि कदाचित एखाद्या वैदूच्या हाती स्वतःचा जीव सोपविते. मग हानी दोन जिवांची होते.

महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या विधवांना त्यांनी उपदेश पाजला नाही. 'येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हा, मुलाचा सांभाळ आम्ही करू' असाच त्या गृहाचा आशय होता. अशाच एका ब्राह्मण विधवेचा पुत्र यशवंत त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याने रुग्णांची सेवा केली. हजार व्याख्यानांनी जे साधले नसते, ते एका उघड्या दाराने साधले.

म्हणून बोलण्यापूर्वी विचारावे, 'बाई, तुला भय कशाचे वाटते?' उत्तर पुरते ऐकावे. भय दारिद्र्याचे असेल तर धान्याची, लोकलज्जेचे असेल तर निवाऱ्याची, आजाराचे असेल तर डॉक्टरची सोय करावी. जे देण्याची आपली तयारी नाही, त्याचा आग्रह धरू नये.

सत्यही लपवू नये. १९७१ च्या कायद्याने, व २०२१ च्या दुरुस्तीने, ठराविक कारणांसाठी व ठराविक मुदतीत डॉक्टरकडून गर्भपात करवून घेण्याची मुभा दिली आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्यास पुरेशी असते, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. खोटी भीती घालून मिळविलेला होकार हा धर्म नव्हे. मात्र मुलगी आहे म्हणून गर्भ पाडावा असे सुचविणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांना स्पष्ट शब्दांत अडवावे. गर्भाचे लिंग पाहणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तेथे मौन हेच पाप होय.

आपल्या राखोलीत कारखान्यांच्या निमित्ताने दूरदूरची कुटुंबे येऊन राहिली आहेत. माहेर शेकडो कोस दूर असलेली एखादी सून देवळाच्या पायरीवर एकटी बसलेली दिसली, तर तिला आधी जवळ बसवून घ्यावे. मत मागाहून सांगावे. तिने अखेर काहीही ठरविले, तरी पुढच्या एकादशीस तिला याच पायरीवर निःशंकपणे येता यावे, इतके आपले शब्द मृदू असोत.

हीच श्रीचरणी प्रार्थना.