पहिला नंबर कुणाचा?

आपल्या लोकांना एखादी गोष्ट नुसती आवडून भागत नाही. तिचा नंबर काढल्याशिवाय ती पचत नाही. आमच्या डहाणूला डिसेंबरात येणारा पाहुणा चिकू खाता खाता हमखास म्हणतो, "छान आहे हो, पण हापूसची सर नाही!" हापूस तेव्हा बाजारातसुद्धा नसतो. आणि हे बोलेपर्यंत गृहस्थाचे आठ चिकू संपलेले असतात.

चिकूचं एक वेळ सोडा. परवा तलासरीहून एस.टी.ने भाचा आला आणि पिशवी टेकवायच्या आत म्हणाला, "मामा, हॅरी पॉटर भारी की लॉर्ड ऑफ द रिंग्ज?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"तसं नाही. एकच सांग."

चौकशी केली तेव्हा कळलं, की रिंग्ज वाचणाऱ्यानं हॅरी पॉटर वाचणं हा पोरकटपणा आहे, असा निकाल वर्गातल्या एका विद्वानानं दिला होता. "मला अजून आवडतं," भाचा हळूच म्हणाला, "पण मी कुणाला सांगत नाही." बारा वर्षांच्या पोराला आपल्या आनंदाची लाज वाटावी, ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

बरं, नंबर काढायचा तो कुठल्या मापानं? टोल्किन पडला भाषेचा प्राध्यापक. त्यानं आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलायला माणसं हवीत म्हणून जगच उभं केलं. १९५४-५५ साली त्याचे तीन खंड आले. रोलिंगबाईंनी १९९७ ते २००७ या काळात सात पुस्तकांतून अशी शाळा काढली, की सुट्टी लागली तर मुलांना वाईट वाटावं! आमचे नाथमाधव सिंहगडच्या कड्यावरून पडून कमरेखाली अधू झाले, आणि त्या माणसानं 'वीरधवल' लिहून साऱ्या महाराष्ट्राला हिंडवून आणलं. आणि १९५२ साली मराठीत सुरू झालेला, आता बंद पडलेला 'चांदोबा'! त्यातल्या वेताळाइतका पोटात गोळा मला दुसऱ्या कुणीही आणलेला नाही.

नंबर लागतो तो जागा अपुरी असते तिथे. २०१३ साली आमच्याकडे चर्चगेटची लोकल आली, आणि चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकण्यासाठी कोण आधी चढलं याला महत्त्व आलं. मनात मात्र टोल्किन बसला म्हणून वेताळाला उठावं लागत नाही. तो तर बिचारा झाडालाच लटकणारा. त्याला सीटच नको!

"मग काय सगळंच सारखं?" असं कुणी विचारील. छे! कच्चा भात तो कच्चाच. पण तो शिजला की नाही हे भाताचं शीत दाबून कळतं. शेजारणीची भाकरी पाहून नव्हे.

वेताळ तरी राजा विक्रमाला वारंवार काय विचारतो? "यांतला श्रेष्ठ कोण?" राजा हुशार, चटकन निकाल देतो. तोंड उघडलं, की वेताळ परत झाडावर आणि राजाचा खांदा रिकामा. शेवटी एका प्रश्नाला राजाला उत्तर सुचत नाही, तो गप्प राहतो, आणि तेव्हा कुठे वेताळ खांद्यावर टिकतो.

आता तुम्ही म्हणाल, राजा बोलला म्हणूनच तर पुढच्या गोष्टी मिळाल्या. कबूल. पण त्या गोष्टी सांगितल्या वेताळानं. राजानं दिलेल्या निकालांपैकी एक तरी आठवतोय का तुम्हाला?