रिकाम्या खुर्च्या

घरातले माणूस बोटीवर किंवा आखातात नोकरीला गेले, की पहिले काही दिवस जेवताना त्याची रिकामी जागा आपल्याला बोचते. ते सुखरूप आहे, त्याचा फोनही येतो, तरी बोचते. मग ज्यांचे माणूस शत्रूच्या ताब्यात आहे, जिवंत आहे की नाही हेही ज्यांना ठाऊक नाही, त्यांचे काय होत असेल?

२० ऑक्टोबर २०२३ रोजी इस्राएलमधील तेल अवीव येथे, कलासंग्रहालयासमोरच्या चौकात एक लांबलचक टेबल मांडण्यात आले. तो शुक्रवार होता, म्हणजे शब्बाथच्या भोजनाचा दिवस. ताटे, पेले सारे जागच्या जागी होते. दोनशेहून अधिक खुर्च्या मात्र रिकाम्या होत्या. त्यांत लहान मुलांच्या उंच खुर्च्याही होत्या. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात ओलीस धरून गाझामध्ये नेलेल्या माणसांची ती वाट पाहत होती. अशा ओलिसांची संख्या २५१ होती. थायलंडहून शेतावर मजुरीसाठी आलेले कामगारही त्यांत होते.

अशा टेबलाने कोणी सुटतो का? नाही, सुटका वाटाघाटींनी होते. पण २५१ हा आकडा वाचून आपण पान उलटतो. रिकाम्या खुर्चीपुढे मात्र थबकतो, कारण तशी खुर्ची आपल्याही घरात असते.

तरीही आपले मन येथेच फसते. ओलिसांचे फोटो असलेली पोस्टर्स न्यूयॉर्क, लंडन अशा शहरांत लावली गेली, तेव्हा काहींनी ती फाडली. 'गाझात बॉम्बखाली मरणाऱ्या मुलांचे काय?' असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न खराच आहे. पण एका मुलाचा फोटो फाडून दुसऱ्याला न्याय मिळत नाही. तसेच आपल्या खुर्च्या मोजणाऱ्याला गाझातील पडक्या घरांतल्या रिकाम्या जागा दिसल्या नाहीत, तर त्याची नजरही अधूच म्हणायची. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी पोप फ्रान्सिस एकाच दिवशी ओलिसांच्या नातेवाइकांना भेटले आणि गाझात आप्त असलेल्या पॅलेस्टिनी लोकांनाही भेटले.

आपणही स्वतःला तपासून पाहू या. २०१६ साली येमेनमध्ये फादर टॉम उळुन्नालील यांचे अपहरण झाले. २०१७ मध्ये ते सुटेपर्यंत भारतभर त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या. ते योग्यच होते. पण त्याच युद्धात डांबलेल्या किती येमेनी माणसांची आपण आठवण केली?

ऑक्टोबर २०२५ मध्ये हयात असलेले शेवटचे वीस ओलीस घरी परतले. दोन्हीकडच्या अनेक खुर्च्या मात्र कायमच्या रिकाम्या राहिल्या आहेत. आज रात्री कुटुंबप्रार्थनेच्या वेळी आपल्या माणसांची नावे घेऊन झाल्यावर आपण क्षणभर थांबू या, आणि जो आपला नाही अशा एखाद्याचीही आठवण करू या.