चौकांतील औदार्य

आपला हक्क दुसऱ्यास सोडून देणें हें औदार्य खरें. पण तो हक्क सर्वस्वीं आपलाच होता कीं नाहीं, हा प्रश्न देणाऱ्यास क्वचितच पडतो. अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहरांत तो चौकाचौकांत उभा राहतो. तेथें वाहनें रस्त्याच्या उजव्या अंगानें चालतात. म्हणून आमच्याकडे उजवें वळण जितकें अडचणीचें, तितकें तेथें डावें. नद्या व टेकड्या यांच्या बेचक्यांत वसलेलें शहर, जुने रस्ते अरुंद. वळणाऱ्यासाठीं निराळी मार्गिका पुष्कळ ठिकाणीं नाहीं. वळूं पाहणारी एक गाडी थबकली कीं मागची सारी रांग तिच्यापायीं तिष्ठत राहते. यावर लोकांनींच तोड काढली. हिरवा दिवा लागतांच समोरचा चालक क्षणभर थांबतो आणि पहिल्या वळणाऱ्यास आधीं जाऊं देतो. या रीतीस ‘पिट्सबर्ग लेफ्ट’ असें नांवच पडलें आहे. पेनसिल्व्हेनियाचा कायदा मात्र नेमका उलट सांगतो: डावीकडे वळणाऱ्यानें समोरून येणाऱ्यास वाट दिली पाहिजे.

शास्त्रापेक्षां रूढी बलवत्तर, हें आम्हांस नवें नाहीं. आणि एकाच्या दोन क्षणांनीं दहांची कोंडी फुटत असतां कायद्याचें पुस्तक उघडून बसण्याइतके आम्ही रुक्षही नाहीं. परंतु ज्या रस्त्यांत ती गाडी वळणार, तो ओलांडण्यास पादचारीही त्याच क्षणीं पाऊल टाकतो. त्यास कोणीं विचारलें? समोरच्यानें हात हलवून जें दान दिलें, त्यांतील निम्में हलवायाच्या घरावर ठेवलेलें तुळशीपत्र होय.

शिवाय दान नित्याचें झालें कीं घेणारा खुणेचीही वाट पाहत नाहीं. दिवा बदलतांच मुसंडी मारतो. (आमच्या लग्नांतील मानपान असेच हौसेनें सुरू होऊन हक्काचे झाले!) समोरचा परगांवचा असून त्यास ही रीत ठाऊक नसली, तर टक्कर सोसून वर उर्मट म्हणवून घेण्याची पाळीही त्याच्यावरच.

मग सिग्नलच तसा कां करूं नये? निराळी मार्गिका नसतां नुसत्या वळणाच्या बाणानें भागत नाहीं. रांगेच्या तोंडाशीं सरळ जाणारा उभा असला तर बाण व्यर्थ जळतो. म्हणून कोठें एका बाजूस कांहीं सेकंद आधीं हिरवा दिवा देतात, कोठें दोन्ही बाजूंस आळीपाळीनें. सर्वांचा खोळंबा थोडा वाढतो. पण कोणाची पाळी केव्हां, हें पादचाऱ्यासही दिसतें. ही व्यवस्था कोरडी खरी, तरी आम्हांस तीच पसंत.

अलीकडे अनेक शहरांत पादचाऱ्याचा दिवा वाहनांच्या दिव्यापूर्वीं कांहीं सेकंद लागतो. म्हणजे खुणेची देवघेव होते तेव्हां तो पट्ट्यांवर चालत असतो. आणि वळणाऱ्याची नजर समोरच्याच्या हातावर खिळलेली असते.