काचेची हद्द

आमच्या सोलापुरात नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते, आणि त्या पाण्यातील साठेक लिटर मी दर रविवारी माशांसाठी वेगळे काढतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे. कारण ज्या प्रश्नाने माझी झोप उडविली तो माझ्या बैठकीतील चार फूट लांबीच्या, सुमारे २५० लिटर पाणी मावणाऱ्या काचेच्या टाकीत उद्भवला.

त्या टाकीत तीन ऑस्कर होते. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, आणि आपल्या उजनीत जाळ्याला लागणाऱ्या चिलापीच्याच सिक्लिड कुळातला. दुकानातून आणताना तो बोटाएवढा असतो, पुढे फूटभर होतो. दोन वर्षे तिघे एकत्र नांदले; मग दोघांची जोडी लागली. तळाशी ठेवलेला शहाबादी फरशीचा तुकडा त्यांनी तोंडाने घासून लख्ख केला, मादीने त्यावर शेकडो अंडी घातली, आणि त्या घटकेपासून टाकीवर त्या जोडप्याचा अंमल सुरू झाला. दोघे आळीपाळीने परांनी अंड्यांवर पाणी खेळवीत, पांढरी पडलेली निर्जीव अंडी वेचून काढीत, आणि अंडी फुटल्यावर तर त्यांनी एकेक पिल्लू ओठांत अलगद धरून रेतीतल्या खळग्यात नेऊन ठेवले. ज्या तोंडाने हे वात्सल्य केले त्याच तोंडाने त्यांनी तिसऱ्याचे पर फाडले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिल्टरच्या नळीमागे, जेथे दडण्यासारखे काहीच नव्हते तेथे, मेलेला आढळला.

ही हत्या कोणाच्या खात्यावर मांडावी? माशांची कैफियत ऐकली तर ती निर्दोष आहे. अपत्यांभोवती हद्द आखणे आणि हद्दीत शिरणाऱ्याला हुसकावणे हा त्यांचा स्वभाव होय. नदीत हरलेला मासा पळतो, जिंकलेला त्याचा हद्दीपर्यंत पाठलाग करतो आणि पिल्लांकडे परततो. तेथे कलह संपतो. माझ्या टाकीत मात्र त्यांची हद्द काचेला जाऊन भिडली होती, हद्दीबाहेर पाणीच उरले नव्हते. तिसरा पळत नव्हता असे नाही; त्याला पळून जावयास जागा नव्हती. हुसकावण्याचे रूपांतर वधात झाले ते त्या काचेने, आणि ती काच मी बसविली होती.

पतंजलीने हिंसेचे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली असे तीन प्रकार सांगितले आहेत. जैन आचार्यांची दृष्टी याहून सूक्ष्म. ज्या गावात जीवराज जैन ग्रंथमालेने प्राचीन प्राकृत-संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केले, त्या गावच्या माणसाला तत्त्वार्थसूत्राचे विस्मरण शोभत नाही. गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार त्यात गणले आहेत. मारणे, अवयव तोडणे, अतिभार लादणे, अन्नपाणी रोखणे हे नंतरचे. पहिला अतिचार बंध, म्हणजे जिवाला बांधून, कोंडून ठेवणे. मी माशांना वेळेवर अन्न देत होतो, पाणी बदलत होतो, आणि चार अतिचार टाळल्याच्या समाधानात पहिला रोज करीत होतो.

स्नेह्यांनी सुचविले, उरलेले मासे तलावात सोडा, जीवदानाचे पुण्य लाभेल. मला ते पटले नाही. चिलापी आफ्रिकेतला; १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला, आणि पुढे जेथे जेथे त्याने बस्तान बसविले तेथे स्थानिक माशांना आपल्याच पाण्यात बेदखल व्हावे लागले. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी सर्वांसाठी खोदलेल्या तलावात मी माझे ओझे टाकावे आणि त्याला दया म्हणावे, यात धर्म कोठे राहिला? एकदा उभारलेली भिंत केवळ दार उघडून पुसली जात नाही.

मग मला शतपथ ब्राह्मणातील मनू आठवला. हात धुताना ओंजळीत आलेला मासा त्याला म्हणाला की मोठे मासे लहानांना गिळतात, तेव्हा माझे रक्षण कर. मनूने त्याला कुंभात ठेवले, कुंभ अपुरा पडताच खड्ड्यात, आणि खड्डाही अपुरा पडताच समुद्रात सोडले. ज्याला मत्स्यन्याय म्हणतात त्यावर राजदंड हा उपाय नीतिशास्त्राने सांगितला. मनूने, मला वाटते, त्याआधीचा उपाय केला. त्याने आश्रिताच्या वाढीबरोबर पात्र वाढविले. रक्षण करणे म्हणजे जागा देणे, आणि जो जागेला सीमा घालतो त्याने त्या सीमेच्या आत घडणाऱ्या प्रत्येक कलहाला जामीन राहिले पाहिजे.

समुद्र माझ्याजवळ नाही. आता त्या टाकीत ती जोडीच राहते. तिसरा मासा मी पुन्हा आणला नाही. मादी अंड्यांवर आली आणि नर तिच्यावरच उलटू लागला, तर मध्ये सरकविण्यासाठी एक जाळीचा पडदा मी करून ठेवला आहे. ऑस्कर दहा-बारा वर्षे जगतो. तेवढी वर्षे हे व्रत चालवावयाचे आहे. रविवारी टाकीतले जुने पाणी बादल्यांनी काढून तुळशीला आणि जाईला घालतो, नवे पाणी भरतो, आणि मग काचेपाशी बसून पाहतो: नर त्या शहाबादी फरशीवरून एकदा तोंड फिरवितो, टाकीच्या टोकापर्यंत जातो, आणि तेथे हुसकावण्यासारखे कोणी नसल्याने शांतपणे माघारी वळतो.