दुसऱ्याचे दुःख आणि आपली कथा

धर्मग्रामाचा कारभार सांभाळून कथा लिहिणाऱ्या धर्मगुरूला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात : वेळ कुठून मिळतो आणि विषय कुठून मिळतात? पहिल्याचे उत्तर सोपे आहे. सकाळची मिस्सा आटोपल्यावर कार्यालय उघडेपर्यंतचा अर्धा तास आम्ही कथेसाठी राखून ठेवतो. त्यात कधी पानभर मजकूर होतो, कधी कालच्या दोन ओळी खोडण्यापलीकडे काहीच होत नाही. दुसरा प्रश्न मात्र आम्हांला बोचतो.

काही वर्षांपूर्वी बोरिवलीत असताना एका मातेने घर सोडून गेलेल्या मुलाची कहाणी आम्हांला सांगितली. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूने कुठेही उघड करायचे नसते. पण हे तर चहा घेताना झालेले साधे बोलणे, अशी मनाची समजूत घालून आम्ही त्याची कथा केली. नाव, गाव, धंदा सारे बदलले. शेवटी पश्चात्तापदग्ध मुलाला आईच्या पायांशी आणले. कथा छापून आली. पुढच्या रविवारी ती माता म्हणाली, "फादर, नावं बदललीत, तरी माझं दुःख मला ओळखू आलं. फक्त कथेतला मुलगा परत आला. माझा नाही आला."

आम्ही निरुत्तर झालो. तिच्या व्यथेवर आम्ही आपले प्रवचन उभे केले होते.

हा मोह जुनाच आहे. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' 1857 साली प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान मोठा, विधवांविषयीची कळकळही खरी. परंतु त्यातील माणसांमागे उपदेशकाचा आवाज सतत ऐकू येतो. पुढे हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः लिहिली. तिचीही नायिका यमुनाच. पण येथे ती स्वतःच्या तोंडाने, बालपणापासून आपली हकीकत सांगते. सुधारणेची तळमळ आपट्यांनाही होतीच. त्यांनी आधी यमूला बोलू दिले, एवढाच फरक. तो फार मोठा आहे.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरला भाऊ अंगणात रुसून उभा राहतो. बाप समजूत घालतो आणि दाखला तेथेच संपतो. थोरला घरात गेला की नाही, हे प्रभू येशू सांगत नाही. ज्याने माणसाला स्वातंत्र्य दिले, तो दाखल्यातल्या माणसाचेही स्वातंत्र्य हिरावत नाही. मग आम्ही कोण?

आता लिहिलेली कथा आम्ही काही महिने कपाटात ठेवतो आणि पुन्हा वाचताना स्वतःला विचारतो : हे पात्र स्वतः वळले, की आम्ही त्याला वळवले? ज्याचे हे दुःख, त्याला हे वाचून आधार वाटेल, की लुटल्यासारखे वाटेल?

त्या कथेचा शेवट आम्ही नव्याने लिहिला. मुलगा येत नाही. आई रात्री दाराची कडी लावायला जाते आणि तशीच मागे फिरते. ते हस्तलिखित आम्ही त्या मातेकडे दिले आहे. हा प्रसंग येथे सांगण्याची अनुमती तिने दिली. कथा पुन्हा छापावी की नाही, हे मात्र तिने अजून सांगितलेले नाही. आम्हीही विचारलेले नाही.