दर्शनाचा परवाना

नांदेड येथे गोदावरीच्या तीरी, 1708 साली गुरू गोविंदसिंह ज्या ठिकाणी ज्योतीजोत समावले त्या सचखंड श्री हजूर साहिबच्या तख्तासमोर अरदास चालू असता जो लक्षपूर्वक ऐकेल, त्याच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट येईल. शिखांच्या या नित्य प्रार्थनेत हुतात्म्यांचे स्मरण आहे, सकलांच्या कल्याणाची याचना आहे, आणि त्यांच्याच पंगतीला 1947 च्या फाळणीनंतर आणखी एक मागणे येऊन बसले आहे : ननकाना साहिब आदी ज्या गुरुस्थानांपासून पंथाची ताटातूट झाली, त्यांचे दर्शन पुन्हा मोकळेपणाने घडावे. एरवी जे मागणे एखाद्या वकिलातीच्या अर्जात शोभले असते, ते येथे ईश्वराच्या दरबारात रोज रुजू होते. यावर कोणी चिकित्सक विचारील की, परमेश्वर निराकार आणि सर्वव्यापी आहे असे जो पंथ निःसंदिग्धपणे सांगतो, त्याला सरहद्दीपलीकडच्या मातीची एवढी तळमळ का असावी; आणि ती तळमळ जर अज्ञानमूलक असेल, तर एखाद्या सरकारने व्हिसा नाकारल्याने धर्माचे असे काय बिघडले?

या शंकेचे उत्तर शोधू लागलो की दोन आख्यायिका समोर येतात. औंढा नागनाथ येथे नामदेवांना कीर्तनास मज्जाव झाला, ते मंदिराच्या मागील बाजूस जाऊन बसले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथा मराठवाड्यात पोराबाळांनाही ठाऊक आहे. मक्केत पाय काबेच्या दिशेस करून निजल्याबद्दल गुरू नानकांना दटावण्यात आले, आणि त्यांचे पाय जिकडे वळविले तिकडे काबा वळला, असे जनमसाखींची परंपरा सांगते. दोन्ही कथांचे तात्पर्य सामान्यतः एकच काढले जाते, ते असे की भक्ताला दिशेचे आणि देवळाचे बंधन नाही. परंतु हे तात्पर्य काढताना एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते. नामदेव औंढ्यास चालत गेले होते, आणि पुढे पंजाबात घुमानपर्यंत गेले, म्हणून तर त्यांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. आणि नानकांनी तर हयातीचा मोठा भाग पायपिटीत घालविला. स्थान गौण आहे हे सांगण्याचा अधिकार त्यांना त्या स्थानी पोहोचल्यामुळे प्राप्त झाला. यात्रेची निरर्थकता हे जर काही ज्ञान असेल, तर ते यात्रेच्या शेवटी मिळणारे ज्ञान आहे. घरबसल्या ते उच्चारणाऱ्याच्या मुखी ती केवळ सबब ठरते.

मराठवाड्यातील भाविकाला सरहद्दीचा अनुभव नवा नाही. लातूर, नांदेड हा मुलूख निजामाच्या अमलाखाली असताना पंढरपूर इंग्रजी हद्दीत होते. विठ्ठलाला भेटण्यासाठी येथील वारकरी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. वाटेत करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके असत, आणि निजामाचा हाली शिक्का पलीकडे चालत नसे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1911 मध्ये लातुरास पोहोचली, तेव्हा मोगलाईतला शेतकरी पंढरीच्या अधिक जवळ आला. पुढे 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थानाची सत्ता संपली आणि ती सरहद्द इतकी निःशेष पुसली गेली की आजच्या वारकऱ्याला तिची आठवणही नाही. विठ्ठल मात्र तिच्या अस्तित्वाने दुरावला नव्हता, आणि तिच्या नाशाने जवळ आला असेही नाही. उलटपक्षी, मक्केत निजामाने आपल्या रयतेच्या सोयीसाठी जी रुबात, म्हणजे हाजींची धर्मशाळा, राखली, तीत विनामूल्य मुक्कामाची सोय संस्थान बुडाल्यानंतरही त्याच्या जुन्या प्रदेशांतील यात्रेकरूंना मिळत आली. दौलत बुडाली, तिची हद्द नकाशावरून गेली, परंतु लातूर-नांदेडच्या हाजीला परक्या देशात आसरा देण्यापुरती ती शिल्लक राहिली.

हजच्या संबंधात इस्लामी धर्मशास्त्राने दाखविलेला विवेक मननीय आहे. हज फर्ज आहे, पण ज्याला इस्तिताअत, म्हणजे सामर्थ्य आहे त्याच्यावरच; आणि या सामर्थ्यात द्रव्य आणि प्रकृती यांच्याबरोबर वाटेची निर्धास्तताही जुन्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, मोजली. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी करोनाच्या साथीमुळे परदेशांतून येणाऱ्या हाजींना सौदी अरबस्तानाने प्रवेश दिला नाही. तेव्हा हजच्या सोडतीत नाव निघालेल्या कित्येकांना वर्षानुवर्षांची पुंजी हाती धरून घरी राहावे लागले, तरी त्यांच्यावर पातक चढले नाही. धर्माने आपल्या अनुयायाला दोषमुक्त केले. मात्र त्याला दोषमुक्त केले म्हणजे वाट अडविणाऱ्यालाही दोषमुक्त केले, असा अर्थ कोणी काढू नये.

आपल्याकडे एक काळ याच्या नेमका उलट होता. धर्मसूत्रकार बौधायनाने समुद्रप्रवासाची गणना पतनाच्या कारणांत केली, कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध कृत्यांच्या, यादीत त्याला स्थान मिळाले, आणि एकोणिसाव्या शतकातही विलायतेहून परतणाऱ्याला प्रायश्चित्तासाठी शास्त्री-पंडितांपुढे उभे राहावे लागे. सरकार जाऊ देत होते आणि धर्म अडवीत होता. आज धर्म जा म्हणतो आणि सरकार अडविते. अधिकारपीठ बदलले, अडवणुकीची हौस तीच राहिली.

तथापि राज्यसंस्थेची बाजू न ऐकता निवाडा देणे न्यायाचे होणार नाही. 1865 मध्ये हजच्या मेळाव्यातून पटकी पसरली, तिचे लोण युरोपात पोहोचले, आणि त्यामुळेच पुढल्या वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरवावी लागली. युद्धकाळात सीमा उघडी ठेवणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. पाकिस्तानातील कर्तारपूरच्या गुरुद्वाऱ्याचा मार्ग 9 नोव्हेंबर 2019 रोजी, गुरू नानकांच्या साडेपाचशेव्या जयंतीच्या निमित्ताने, व्हिसावाचून खुला झाला. मार्च 2020 मध्ये साथीने बंद पडला, नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा उघडला, आणि मे 2025 मधील भारत-पाकिस्तान संघर्षात पुनश्च बंद झाला. आणि दरवाजा नेहमी दुसऱ्याचाच बंद असतो असेही नव्हे. सप्टेंबर 2023 मध्ये कॅनडाशी उद्भवलेल्या तंट्यात भारताने तेथील नागरिकांना व्हिसा देणे तहकूब केले, तेव्हा ज्या कॅनेडियन शिखापाशी ना व्हिसा होता ना परदेशस्थ भारतीय नागरिकाचे ओसीआय कार्ड, त्याला नांदेडच्या तख्तापर्यंत येण्याची वाट उरली नाही. दोन दरबारांच्या भांडणात त्याचा कसूर कोणता होता?

कांटने 1795 मध्ये शाश्वत शांततेवरील निबंधात असे प्रतिपादिले की, पृथ्वी गोल असल्यामुळे माणसांना अखेर एकमेकांच्या शेजारीच राहणे भाग आहे, म्हणून परक्या भूमीवर कायम वसण्याचा नसला तरी शत्रू न मानला जाता भेटीस येण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. यात्रेकरूइतका या हक्काचा निर्भेळ धनी दुसरा कोण? त्याला तेथे चाकरी नको, जमीन नको. दर्शन घेऊन तो परतणार आहे. परंतु 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने स्वदेश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क मान्य केला, दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा मात्र केला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये परदेशगमन हे व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत आहे असे ठरविले, पण तो निर्णय परक्या उंबरठ्याला लागू होत नाही. बाहेर पडण्याचा हक्क आहे, आत येण्याची मेहेरबानी आहे. या दोहोंमधील रिकाम्या जागेत आजचा यात्रेकरू उभा आहे.

म्हणून चिकित्सकाच्या शंकेला माझे उत्तर असे की, ईश्वर सर्वत्र आहे हे वचन यात्रेकरूने स्वतःच्या मनाला सांगावे, अंमलदाराने यात्रेकरूला सांगू नये. पहिल्याच्या मुखी ते वैराग्य आहे, दुसऱ्याच्या मुखी तेच जुलमाची सोय आहे. शासनाला वाट अडवावी लागली तर त्याने साथीचे वा युद्धाचे कारण उघडपणे सांगावे, मुदत ठरवावी, आणि ती संपताच वाट खुली करावी. भक्ताच्या तत्त्वज्ञानाचा आधार त्याने घेऊ नये, कारण ते तत्त्वज्ञान त्याच्या दप्तरातले नव्हे. आणि भक्ताने मागत राहावे. अरदासमधील ते मागणे म्हणजे श्रद्धेतील उणीव नव्हे. अडवणूक म्हणजे ईश्वरेच्छा असे मानण्यास दिलेला तो रोजचा नकार आहे.